ओर्काच्या हातात मुंडकं : नास्का भांड्यांवरचे प्राणी कसे वाचायचे

दोन्ही हातांच्या ओंजळीत मावेल एवढं मातीचं भांडं. वर दोन बारीक तोट्या आणि त्यांना जोडणारी पट्टीसारखी मूठ. पोटावर एक जाडजूड मासा रंगवलेला: पाठ काळपट, पोट पांढरं, पाठीवर उंच पर, जबड्यात दातांची रांग. इथपर्यंत काही खटकत नाही. मग लक्षात येतं की त्याच्या छातीतून माणसाचा हात निघालाय, आणि त्या हातानं माणसाचं एक मुंडकं केसांना धरून लोंबकळवलंय. अशाच दुसऱ्या भांड्यावर मुंडक्याच्या जागी सुरी असते.

हा प्राणी म्हणजे ओर्का. डॉल्फिनच्या कुळातला, समुद्रसिंहांना फाडून खाणारा. आणि भांडं पेरू देशातल्या नास्का लोकांचं. लिमा शहराच्या दक्षिणेला, इका आणि रिओ ग्रांदे दे नास्का या नद्यांच्या खोऱ्यांत, साधारण इसवी सनाच्या सुरुवातीपासून सातव्या शतकापर्यंत ही माणसं राहत होती. वाळवंटात प्रचंड रेषा आणि चित्रं काढणारे ते हेच. ती चित्रं जगभर गाजली, विमानातून बघायला पर्यटक जातात. पण माझ्या मते त्यांची खरी कमाल भांड्यांवर आहे. शार्क, कोल्हे, लामा, उंदीर, सरडे, साप, बेडूक, बेडकांची पिल्लं, हमिंगबर्ड, गिधाडं, कोळी, शिवाय निसर्गात कुठेच न सापडणारे आठ-दहा विचित्र जीव, एवढं सगळं त्या मातीच्या गोल पोटांवर मावलंय.

अडचण एकच. नास्कांना लिपी नव्हती. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेत पोचला, त्याच्या सातआठशे वर्षं आधीच ही संस्कृती मावळली होती. इंका लोकांच्या कथा निदान स्पॅनिश पाद्र्यांनी आणि अधिकाऱ्यांनी ऐकून लिहून ठेवल्या; नास्कांच्या कथा सांगायला तेव्हा कुणी उरलंच नव्हतं. मग आज एखादा संशोधक ‘हा ओर्का म्हणजे समुद्राची शक्ती’ किंवा ‘हे मांजर म्हणजे शेतीचं दैवत’ असं सांगतो, ते कशाच्या जोरावर?

त्यासाठी आधी ती जागा समजून घ्यायला हवी. नास्काचा किनारपट्टा हा जगातल्या सगळ्यात कोरड्या प्रदेशांपैकी एक. पाऊस जवळजवळ पडतच नाही. पाणी येतं ते पूर्वेकडच्या अँडीज पर्वतातून, तेही वर्षातले थोडेच महिने. काही नद्या तर मधल्या पट्ट्यात वाळूखाली गडप होतात आणि खालच्या बाजूला पुन्हा वर येतात. नास्कांचं सगळ्यात मोठं धार्मिक केंद्र काहुआची हे नेमकं अशाच जागी आहे, जिथं गेलेलं पाणी परत दिसू लागतं. पश्चिमेला मात्र सगळा उलटा प्रकार. हम्बोल्ट प्रवाहामुळे तिथला समुद्र गार आणि जीवांनी खच्चून भरलेला. मासळी, तिच्यावर जगणारे पक्षी आणि समुद्रसिंह, आणि त्या सगळ्यांच्या वर ओर्का. एका बाजूला पाण्याच्या थेंबासाठी डोंगराकडे लागलेले डोळे, दुसऱ्या बाजूला भरलेला पण पिकाला निरुपयोगी समुद्र. भांड्यांवर कुठले प्राणी आले आणि का आले, याचं निम्मं उत्तर या भूगोलातच आहे.

आता भांडी घडत कशी होती ते. कुंभाराचं चाक कोलंबसपूर्व अमेरिकेत कुठेच नव्हतं. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, बोटांनी दाबून सांधायच्या, आतून-बाहेरून खरवडत भिंत पातळ करत न्यायची. एवढं हातानं करूनही चांगल्या नास्का भांड्याची भिंत पातळ आणि एकसारखी असते. मग रंग. खनिज कुटून बारीक मातीच्या पाण्यात कालवायचं आणि त्याचा लेप द्यायचा. लोहखनिजातून, म्हणजे गेरूच्या जातीच्या दगडातून, लाल, विटकरी, जांभळट छटा. मँगनीज आणि लोह असलेल्या खनिजातून काळा. पांढऱ्या चिकणमातीतून पांढरा. त्यांच्या मिश्रणातून नारिंगी, गुलाबी, करडा, बदामी. सगळी रंगपेटी मोजली तर दहा-बारा छटा सहज भरतात, आणि कोलंबसपूर्व अमेरिकेत एवढे रंग भांड्यावर क्वचितच कुणी वापरले. रंग भरून झाला की काळ्या बारीक रेषेनं कडा ओढायची, गुळगुळीत दगडानं अंग घोटायचं, आणि मग भट्टी. त्या भांड्यांची चकाकी घोटण्याची आहे, काचेसारख्या मुलाम्याची नाही.

यातला ‘मग भट्टी’ हा क्रम महत्त्वाचा. नास्कांच्या आधी याच भागात पाराकास संस्कृती होती. ते लोक भांडं भाजून झाल्यावर त्यावर राळेत कालवलेले रंग लावत. दिसायला देखणे, पण कच्चे. नखानं खरवडले तरी निघतील असे. नास्का कुंभारांनी क्रम उलटा केला, आधी रंग आणि मग आच. रंग मातीतच बसला. दीड हजार वर्षं वाळूत पडून राहिलेलं भांडं आज धुतलं तरी काल रंगवल्यासारखं दिसतं, त्याचं श्रेय या एका बदलाला आणि तिथल्या कोरड्या हवेला.

या रंगांची भूक केवढी होती याचा एक पुरावा थक्क करणारा आहे. केविन व्हॉन या अमेरिकी पुरातत्त्वज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इनहेनियो खोऱ्यात प्रिमावेरा नावाची एक जुनी खाण शोधली. डोंगराच्या कुशीत हातानं कोरत नेलेली गुहा. शतकानुशतकं मिळून तिथून सुमारे ३,७०० टन माल बाहेर काढला गेला असावा असा त्यांचा अंदाज आहे. सोनं नाही, तांबं नाही. गेरूच्या जातीचं लाल लोहखनिज. ते सगळं भांड्यांवर गेलं असं नव्हे, कापड, भिंती, कदाचित अंगही रंगवलं जात असेल. पण रंगासाठी डोंगर पोखरणारी माणसं होती ही.

आता वाचनाकडे येऊ. पहिली पायरी अगदी रुक्ष वाटेल अशी आहे: कुठलं भांडं आधीचं आणि कुठलं नंतरचं हे ठरवणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत युरोपातल्या संग्रहालयांत अशी मोजकी भांडी होती, पण ती पेरूच्या नेमक्या कुठल्या भागातली हेच माहीत नव्हतं. १९०१ मध्ये माक्स उले या जर्मन पुरातत्त्वज्ञानं इका खोऱ्यात ओकुकाहे इथं ती थडग्यांतून प्रत्यक्ष बाहेर काढली आणि पत्ता लागला. त्याचा संग्रह कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला गेला. तिथं पुढे लॉरेन्स डॉसन या अभ्यासकानं तो ढीग समोर ठेवून क्रम लावायला घेतला. तारीख कशावरच नव्हती. पण घरातल्या जुन्या लग्नांचे फोटो तारखेशिवायही क्रमानं लावता येतात: बाह्यांची लांबी, कल्ले, बेलबॉटम, केसांचा फुगा. एका फोटोतलं काहीतरी पुढच्यात टिकतं, काहीतरी बदलतं. डॉसननं तेच केलं. तोटीचा आकार, वाडग्याचा काठ, डोळा काढायची पद्धत, मुंडक्याचे केस, एकेक तपशील घेऊन जवळचं जवळच्याशेजारी ठेवत गेला. एकाच थडग्यात सापडलेली भांडी एका काळातली, हा त्याला ताळा. यातून नास्का भांड्यांचे नऊ टप्पे ठरले. पुढे कार्बन चाचण्यांनी काही शेजारच्या टप्प्यांची सरमिसळ दाखवली, पण मोठा क्रम टिकला.

याचा प्राण्यांशी काय संबंध? ओर्काच पाहा. सुरुवातीच्या भांड्यांवर तो पूर्ण आहे: शरीर, पर, शेपूट, दुरंगी अंग. मग माणसाचा हात येतो, मुंडकं येतं. पाचव्या टप्प्याच्या आसपास अंग नाहीसं होऊ लागतं आणि उरतो फक्त समोरून दिसणारा उघडा जबडा, ज्यातून रक्त ठिबकतंय. अभ्यासक त्याला ‘रक्ताळलेलं तोंड’ म्हणतात. ते शेवटचं भांडं एकटं हातात दिलं तर कुणीही त्याला राक्षस म्हणेल, नाहीतर मुखवटा. तो ओर्का आहे हे कळतं ते मधले टप्पे ओळीनं मांडल्यामुळे. चित्रकारांना आणि बघणाऱ्यांना तो इतका परिचयाचा झाला होता की एवढी खूण पुरत होती.

आणखीही एक बदल या क्रमात दिसतो. सुरुवातीची चित्रं मोठी, मोकळी. एक मासा, एक पक्षी, मागे कोरी पांढरी किंवा लाल जागा. नंतरच्या काळात प्रत्येक आकृतीला काटे, किरणं, वेटोळी, झुपके फुटू लागतात, इतके की मूळ प्राणी शोधावा लागतो. त्याच सुमारास योद्धे आणि कापलेली मुंडकी वाढतात. काहुआचीचं महत्त्व इसवी सन ४०० च्या आसपास ओसरलं होतं. पेरूतल्याच केल्काया या पर्वतमाथ्यावरच्या कायमच्या हिमथरातून काढलेल्या बर्फात ५६२ ते ५९४ या काळातला मोठा दुष्काळही दिसतो. या सगळ्याची सरळ साखळी जोडायचा मोह अनेकांना होतो: पाणी आटलं, भांडणं वाढली, चित्रं बिघडली. मला ती साखळी जरा जास्तच सोयीची वाटते. शैली बदलायला सुरुवात झाली ती या दुष्काळाच्या आधीच.

दुसरी पायरी प्राणिशास्त्राची. इथं युजेनिओ याकोव्लेफ या संशोधकाचं नाव घ्यायलाच हवं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला लिमाच्या राष्ट्रीय संग्रहालयात काम करताना त्यानं एक साधा प्रश्न धरून ठेवला: हा प्राणी देव आहे की राक्षस ते नंतर, आधी सांगा की हा कुठल्या जातीचा? त्या काळी पेरूच्या पुरातत्त्वात हुलिओ तेयो यांचा दबदबा होता आणि त्यांना अँडीजच्या कलेत सगळीकडे जग्वारसारखं मोठं मांजर दिसे. याकोव्लेफनं पंखांचे आकार, चोची, शेपट्या मोजून दाखवलं की नास्काचे पक्षी वेगवेगळे ओळखता येतात. दुभंगलेली शेपटी आणि रुंद तोंडाचा एक पक्षी त्यानं पाकोळीच्या जातीचा म्हणून ओळखला. उडताना किडे टिपणारा, पाण्याजवळ घिरट्या घालणारा. आणि नास्कांची मूळ देवता म्हणून त्यानं मांजराऐवजी ओर्काकडे बोट दाखवलं.

जात ओळखली की भांडं वेगळं दिसायला लागतं. बेडकांची पिल्लं घ्या. ज्या देशात नदी वर्षातले काही महिनेच वाहते, तिथं बेडकाचं पिल्लू दिसणं म्हणजे पाणी आलं. पाकोळ्यांचंही तसंच. ठिपक्यांचं जे मांजर भांड्यांवर येतं, तो जग्वार नव्हे; लहान कानांचं, पट्टेदार शेपटीचं, साध्या मांजराएवढं पाम्पास मांजर आहे, जे तिथल्या शेतांच्या आसपास आजही फिरतं. नास्का चित्रकार त्याच्या अंगावर, पंजात, शेपटीवर पिकं लटकवतात: शेंगा, फळं, मिरच्या. मांजर उंदीर मारतं म्हणून ते पिकाचं रखवालदार ठरलं असेल, हा तर्क मला पटतो, पण तो तर्कच. मिरचीवरून आठवलं: आपल्याकडे ती सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर गोव्याच्या किनाऱ्यावर उतरली. नास्का कुंभारांनी ती मांजराच्या अंगावर रंगवली त्याला तेव्हाच हजारएक वर्षं होऊन गेली होती.

मग एक पक्षी आहे ज्याला अभ्यासकांनी ‘भयंकर पक्षी’ असंच नाव ठेवलंय. गिधाड, गरुड आणि ससाणा यांचं मिश्रण, पांढऱ्या टोकाची लांब चोच, माणसाचे पाय, आणि चोचीत मुंडकं किंवा हातपाय. सुरुवातीला साधं मांस खाणारं गिधाड काढलेलं दिसतं. पुढे त्यात माणूस मिसळत जातो. आकाशात हा, समुद्रात ओर्का, जमिनीवर मांजर, अशी वाटणी अनेक संशोधक करतात. वाटणी छान बसते. जरा जास्तच छान, असंही वाटतं, कारण नास्का चित्रकार स्वतः सीमा पाळत नाहीत. पिकं, मुंडकी, मुखवटे या आकृतीवरून त्या आकृतीवर सर्रास फिरतात.

तिसरी पायरी सगळ्यात भक्कम: चित्रातली वस्तू प्रत्यक्षात सापडते का? या आकृत्यांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडाभोवती एक अलंकार असतो, मांजराच्या मिशांसारखी टोकं दोन्ही गालांवर पसरलेला. कपाळावर आणखी एक पत्रा. दोन्ही गोष्टी सोन्याच्या पत्र्यात घडवलेल्या खऱ्याखुऱ्या सापडल्या आहेत. म्हणजे त्या चित्रात देव असेल, पण देवाचा वेश घेतलेला पुजारीही असू शकतो. मुंडक्यांचंही तेच. भांड्यांवर ओठांना काटे टोचलेले दिसतात आणि कपाळातून दोरी निघालेली. अशी शंभराहून जास्त मुंडकी पुरातत्त्वज्ञांना मिळाली आहेत: कपाळाला भोक, त्यातून दोरी, ओठ वारांगो झाडाच्या काट्यांनी शिवलेले. चित्रकार कल्पना लढवत नव्हता, समोर पाहिलेलं काढत होता.

ही मुंडकी कोणाची? शत्रूंची, लांबच्या लढाईत मिळवलेली, असं पुष्कळ काळ समजलं जाई. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दातांतल्या स्ट्रॉन्शियम आणि इतर मूलद्रव्यांच्या समस्थानिकांची तपासणी झाली. माणूस लहानपणी जिथलं अन्नपाणी घेतो तिथल्या मातीची रासायनिक खूण दातांत राहते. तपासलेल्या मुंडक्यांची खूण नास्का भागातल्याच माणसांशी जुळली. मग काही भांड्यांवर मुंडक्याच्या तोंडातून कोंब फुटलेले दिसतात, ते चित्र जास्त अर्थपूर्ण होतं. रक्त, बी, पाणी, पीक यांची त्यांच्या मनात एक साखळी होती एवढं खात्रीनं म्हणता येतं, कारण ती साखळी त्यांनीच रंगवून ठेवली आहे. ओर्काच्या हातातलं मुंडकं त्या साखळीचाच भाग.

जमिनीवरच्या चित्रांचाही इथं उपयोग होतो. २०२४ मध्ये जपानच्या यामागाता विद्यापीठानं आयबीएमच्या मदतीनं, हवाई छायाचित्रांवर कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून, ३०३ नवी जमिनीवरची चित्रं शोधल्याचं जाहीर केलं. त्यात सुरी धरलेला ओर्काही आहे. त्याहून मला रंजक वाटली ती त्यांनी दाखवलेली विभागणी. रेषांनी काढलेल्या महाकाय आकृत्यांत रानटी प्राणी जास्त, तर पायवाटांच्या कडेला दगड हलवून केलेल्या लहान आकृत्यांत माणसं, मुंडकी आणि लामासारखे पाळीव प्राणी जास्त. कुठलं चित्र कुणी, कुठून बघायचं हे ठरलेलं होतं असं त्यावरून दिसतं.

इथपर्यंत वाचून नास्का भांडी आता वाचता येतात असं वाटलं असेल तर माया लोकांच्या भांड्यांकडे एकदा बघून घ्यावं. मेक्सिको, ग्वातेमाला, बेलीझ या भागातल्या माया चित्रकारांनी सातव्या-आठव्या शतकात उंच, नळकांड्यासारख्या पेल्यांवर प्राणी रंगवले: ज्वाळांत वेढलेला जग्वार, गळ्याभोवती साप असलेलं हरीण, बसून लिहिणारा ससा. फरक असा की त्यांना लिपी होती आणि ती पेल्यांवरच लिहिलेली आहे. काठाच्या ओळीत पेला कुणाचा आणि त्यात काय प्यायचं हेही असतं, बऱ्याचदा कोकोचं पेय. ती लिपी वाचता येण्याआधी मोठमोठ्या विद्वानांनी या प्राण्यांना पाताळातले देव ठरवलं होतं. मग १९८९ मध्ये स्टीफन ह्यूस्टन आणि डेव्हिड स्टुअर्ट यांनी, आणि स्वतंत्रपणे निकोलाय ग्रूबे यांनी, प्राण्यांच्या शेजारी वारंवार येणारं एक चिन्ह वाचलं. त्यावरून कळलं की हे जीव अमक्या राजाशी, तमक्या राज्याशी बांधलेले आहेत. झोपेत माणसाचा एक भाग ज्या रूपात बाहेर फिरतो ते हे रूप. पुढे काहींनी त्यांत रोगांची आणि करणीची रूपंही पाहिली. पाताळातल्या देवांची ती सुबक मांडणी चार अक्षरांनी विस्कटली. नास्काकडे ती चार अक्षरं नाहीत.

लिपी नसेल तर उरतो संदर्भ: भांडं कुठं, कशाशेजारी, कसं ठेवलेलं होतं. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात आहे. तिथं मिंब्रेस नदीच्या खोऱ्यात साधारण १००० ते ११३० या काळात पांढऱ्यावर काळ्या रंगानं रंगवलेले गोल वाडगे बनले. आतल्या पोकळीत मध्यभागी ससा, क्रौंच, कासव, वटवाघूळ किंवा टोळ. रेषा इतकी नेमकी की आधुनिक वाटावी. हे वाडगे घराच्या जमिनीखाली पुरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पालथे घातलेले सापडतात, आणि बऱ्याच वाडग्यांच्या तळाला मुद्दाम भोक पाडलेलं असतं. म्हणजे ससा मृताच्या डोळ्यांवर आकाशासारखा वाकलेला. १९८६ मध्ये या वाडग्यांवरचे काही मासे कॅलिफोर्नियाच्या आखातातले समुद्री मासे म्हणून ओळखले गेले. तो समुद्र तिथून शेकडो किलोमीटर लांब. कुणीतरी तिथं जाऊन, मासा नीट बघून, परत येऊन वाडगा रंगवला असावा.

आणि याच खोऱ्यात लुटारूंनी १९६० आणि ७० च्या दशकांत बुलडोझर लावून अख्खी गावं उपसली. वाडगे विकले गेले, हाडं आणि भिंती मातीत मिसळल्या. मृतांसोबत पुरलेली ही भांडी काचेच्या कपाटात ठेवावीत का, हा प्रश्न आजचे प्युब्लो समाज, म्हणजे त्या भागातले मूळनिवासी, विचारतात, आणि तो रास्त आहे. १९८९ मध्ये न्यू मेक्सिकोनं खासगी जमिनीवरच्या नोंद नसलेल्या दफनांनाही कायद्याचं संरक्षण दिलं. पेरूनं प्राचीन वस्तू राष्ट्राच्या मालकीच्या असल्याचा कायदा १९२९ मध्येच केला होता. तरी काहुआचीच्या भोवती आज उभं राहिलं तर जमीन खड्ड्यांनी भरलेली दिसते. जगातल्या संग्रहालयांत असलेल्या नास्का भांड्यांपैकी फार मोठा भाग असल्याच खड्ड्यांतून आलेला आहे. चित्र शाबूत, पण थडगं कुणाचं, शेजारी काय होतं, भांडं वापरलेलं होतं की नवं, याची उत्तरं कायमची गेली. शिवाय बाजारात खपतात म्हणून बनावट आणि ‘दुरुस्त’ केलेली भांडीही मिसळली. एखादा विचित्र प्राणी फक्त बाजारातून आलेल्याच भांड्यावर दिसत असेल तर जाणकार आधी संशय घेतात.

याउलट नीट नोंद ठेवून उकरलेली मोडकी खापरंसुद्धा केवढं सांगतात ते मार्काया या छोट्या गावानं दाखवलं. प्रिमावेरा खाणीवाल्या व्हॉनचंच हे काम, १९९० च्या दशकाच्या शेवटचं. मार्काया हे साध्या शेतकऱ्यांचं, मेंढपाळांचं वाटावं असं खेडं. इतकी देखणी बहुरंगी भांडी पुजाऱ्यांची नाहीतर सरदारांचीच असणार, असा सहज समज होतो. तिथं मात्र ती जवळजवळ प्रत्येक घरात निघाली. मग मातीची रासायनिक तपासणी झाली. रोजच्या स्वयंपाकाच्या साध्या भांड्यांची माती वेगवेगळी, पण रंगीत भांड्यांची माती एकसारखी, एकाच ठिकाणच्या उगमाकडे बोट दाखवणारी. ती काहुआचीला घडवली जात असावीत आणि उत्सवाला गेलेली माणसं ती घेऊन घरी परतत असावीत, असं व्हॉननं त्यावरून मांडलं. तसं असेल तर ओर्का, मांजर, भयंकर पक्षी ही मंदिरातल्या मोजक्यांची गुपितं नव्हती. लहान पोरंही जेवताना ती बघत मोठी होत होती.

ही भांडी घरबसल्या पाहायची तर लिमाच्या लार्को संग्रहालयाची सूची इंटरनेटवर खुली आहे, हजारो छायाचित्रांसह. नास्का शहरातलं आंतोनिनी संग्रहालय लहान आहे, पण तिथल्या वस्तू काहुआचीच्या उत्खननातून आलेल्या. बर्लिन, शिकागो, न्यू यॉर्क इथंही मोठे संग्रह आहेत, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी वाचकांना ते जवळ पडतील. भांड्यासमोर उभं राहिल्यावर प्राण्याच्या नावाआधी पाटीवरची एकच ओळ वाचावी: सापडल्याची जागा. तिथं गावाचं किंवा थडग्याचं नाव असेल तर थांबून बघावं. नुसतं ‘दक्षिण किनारा, पेरू’ असेल, तर पाटीवरच्या बाकी अर्थावर जरा जपूनच विश्वास ठेवावा.